कायोटीच्या शिकारीला बंदूक कोणती? आधी वरचा कॅमेरा बघा

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. हा कर १९३४ च्या कायद्याने लावला होता आणि तेव्हापासून त्याचा आकडा बदललेला नव्हता. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’मध्ये तो काढून टाकला गेला. या निमित्ताने तिथल्या शिकाऱ्यांच्या जगात एक जुना प्रश्न पुन्हा वर आलाय: कायोटी मारायला नेमकी कुठली बंदूक घ्यायची?

तुम्ही म्हणाल, टेक्नॉलॉजीच्या साईटवर बंदुकीचं काय काम? काम आहे. तुमच्या फीडमध्ये काळ्या पडद्यावर पांढरे चमकणारे प्राणी पळतायत आणि मध्ये एक क्रॉस हलतोय, असे व्हिडिओ कधी ना कधी आले असतील. त्यातले बरेचसे टेक्सास, ओक्लाहोमा अशा भागांतले कायोटीच्या शिकारीचे असतात. मी बंदुकींवर लिहीत नाही, सेन्सर आणि कॅमेऱ्यांवर लिहितो. पण या विषयावरची चर्चा वाचताना माझ्या लक्षात आलं की गेल्या काही वर्षांत हा प्रश्न बंदुकीचा उरलेलाच नाही. तो कॅमेऱ्याचा झालाय. आणि कॅमेरा निवडताना मोबाईल घेताना होतात त्याच चुका तिथेही होतात. फरक एवढाच की इथे चुकीचा परिणाम म्हणजे खराब फोटो नसतो, मेलेला भलताच प्राणी असतो.

कायोटी म्हणजे कोण?

कायोटी हा कुत्रा-लांडगा कुळातला प्राणी. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान. वजन बहुतेक वेळा ९ ते २० किलो, खांद्यापर्यंतची उंची साधारण ६० सेंटिमीटर. हवाई सोडलं तर अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे. अगदी शिकागोसारख्या शहरातही तो राहतो.

मेंढ्यांची कोकरं, गाईची नुकतीच जन्मलेली वासरं, कोंबड्या यांच्यावर तो हात मारतो, त्यामुळे पशुपालकांचा त्याच्यावर राग आहे. बऱ्याच राज्यांत त्याच्या शिकारीला ना ठरावीक हंगाम आहे, ना संख्येची मर्यादा. अमेरिकी कृषी खात्याचा ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ हा सरकारी विभागच अलीकडच्या बहुतेक वर्षांत ५०,००० हून जास्त कायोटी मारतो. खासगी शिकारी मारतात ते वेगळेच.

पूर्वी कातड्यासाठीही ही शिकार व्हायची. महागड्या जॅकेटच्या टोपीला जी फर लावतात, ती बऱ्याचदा कायोटीची असायची. कॅनडा गूज या कंपनीने २०२१ मध्ये फर वापरणं थांबवण्याची घोषणा केली. तिथून पुढे पैशासाठी शिकार करण्यात फारसं काही उरलं नाही. आता उरलेत ते पशुपालक आणि हौशी शिकारी.

बंदुकीचं उत्तर सोपं आहे

आधी बंदुकीचा भाग संपवून टाकू, कारण त्यात वाद घालण्यासारखं फार थोडं आहे.

कायोटी अंगाने लहान. फुफ्फुस आणि हृदयाचा भाग जेमतेम एका पसरलेल्या तळहाताएवढा. म्हणजे जड गोळीची गरज नाही. वेगवान, सरळ जाणारी आणि अचूक गोळी हवी. म्हणून बहुतेकांची पहिली पसंती .२२३ रेमिंग्टन हे काडतूस असतं. त्याची ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९७५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. धक्का कमी, काडतूस स्वस्त आणि जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळणारं. अडीचशे मीटरपर्यंत ते पुरतं.

मोकळ्या माळरानावर, जिथे वारा जास्त आणि अंतर लांब, तिथे लोक .२२-२५० रेमिंग्टन घेतात. त्याच वजनाची गोळी ते सेकंदाला ११०० मीटरच्या वर पळवतं. पण नळी लवकर तापते आणि लवकर झिजते. .२४३ विंचेस्टर घेतलं तर त्याच रायफलने हरणाचीही शिकार करता येते. कायोटीसाठी मात्र ते जरा जास्तच होतं. दाट झाडीत, जिथे सावज ३०-४० मीटरवरच दिसतं, तिथे जाड छऱ्यांची बारा बोअरची बंदूक रायफलपेक्षा बरी. आणि .२२ एलआर ही सगळ्यात छोटी, स्वस्त गोळी? ती इथे नको. प्राणी जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी दोन दिवस तडफडून मरतो.

मग बोल्ट-अॅक्शन की सेमी-ऑटोमॅटिक? बोल्ट-अॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करावा लागतो. ती स्वस्त, साधी, विश्वासार्ह. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमध्ये दुसरी गोळी लगेच तयार असते. कायोटी बरेचदा जोडीने येतात म्हणून अनेकांना ती हवीशी वाटते. दोन्हीत अचूकता आज पुरेशी आहे.

संपलं. साध्या .२२३ रायफलने हे काम चाळीस वर्षांपूर्वीही व्हायचं आणि आजही होतं. पैसे, गोंधळ आणि धोका हे तिन्ही रायफलच्या डोक्यावर बसतात, म्हणजे स्कोपमध्ये.

थर्मल स्कोप नेमकं काय बघतो?

कायोटी रात्री जास्त हिंडतो. त्यामुळे रात्रीची शिकार आणि थर्मल स्कोप ही जोडी जमली.

तुमच्या मोबाईलचा कॅमेरा प्रकाश बघतो. थर्मल कॅमेरा उष्णता बघतो. प्रत्येक गरम शरीरातून इन्फ्रारेड किरण बाहेर पडत असतात आणि सस्तन प्राण्यांच्या बाबतीत त्यांची तरंगलांबी मुख्यतः ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात असते. स्कोपमधला मायक्रोबोलोमीटर नावाचा सेन्सर म्हणजे हजारो सूक्ष्म ठिपक्यांची जाळी. किरण पडले की ठिपका किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र बनतं.

गंमत म्हणजे ही किरणं साध्या काचेतून जात नाहीत. म्हणूनच थर्मल कॅमेऱ्याने बंद खिडकीपलीकडचं दिसत नाही. आणि म्हणूनच याच्या भिंगासाठी जर्मेनियम हा महाग धातू वापरतात. चीनने ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला विक्रीच बंद केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी वर्षभरासाठी स्थगित केली. चिपच्या भांडणाची झळ टेक्सासच्या शेतावरच्या स्कोपलाही लागते ती अशी.

आणखी एक ओळखीचा आकडा. मोबाईलला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे तुम्ही पाहिले असतील. त्यांचं चित्र अडखळत का चालतं? सेकंदाला ९ फ्रेमपर्यंतच्या थर्मल कॅमेऱ्यांना अमेरिकेचे निर्यातीचे नियम सैल आहेत, म्हणून कंपन्या मुद्दाम त्याखाली राहतात. शिकारीच्या स्कोपला मात्र ५०-६० हर्ट्झ लागतात, नाहीतर पळणारा प्राणी उड्या मारत गेल्यासारखा दिसतो.

मेगापिक्सेलचा जुना सापळा

मोबाईल घेताना दुकानदार ‘२०० मेगापिक्सेल’ म्हणतो तसं इथे ‘६४०’ म्हणतात. ६४०×५१२, ३८४×२८८, २५६×१९२ हे सेन्सरचे ठरलेले आकार. होय, ६४०×५१२ म्हणजे एक मेगापिक्सेलचा तिसरा हिस्सासुद्धा नाही, आणि तरी तो काही हजार डॉलरना मिळतो.

पण लांबचा प्राणी किती स्पष्ट दिसेल, हे या आकड्यावर ठरत नाही. ते ठरतं पिक्सेलचा आकार आणि भिंगाची फोकल लेंग्थ यांवर. आजच्या बहुतेक सेन्सरचा पिक्सेल १२ मायक्रोमीटरचा असतो. तो सगळीकडे तोच धरून मी गणित मांडलं. २०० मीटरवर उभा असलेला ६० सेंटिमीटर उंचीचा कायोटी किती पिक्सेलचा दिसेल?

- २५ मिमी भिंग: साधारण ६ पिक्सेल
- ३५ मिमी भिंग: साधारण ९ पिक्सेल
- ५० मिमी भिंग: साधारण १२ पिक्सेल

सहा पिक्सेल! तुमच्या फोनवरचा सगळ्यात छोटा इमोजीसुद्धा यापेक्षा मोठा असतो.

आता या पिक्सेलचा अर्थ काय लावायचा? यासाठी एक जुना निकष आहे. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी संशोधकाने तो मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर ‘तिथे काहीतरी आहे’ एवढं कळायला साधारण २ पिक्सेल लागतात, ‘हा चार पायांचा प्राणी आहे’ कळायला ८, आणि ‘हा नेमका अमुक प्राणी आहे’ कळायला १२-१३. म्हणजे २०० मीटरवर २५ मिमीचा स्कोप तुम्हाला जाणीव देतो, ओळख देत नाही. ५० मिमीचा कसाबसा ओळखीच्या काठावर पोचतो. तेही हवा कोरडी, सावज मोकळ्यावर आणि फोकस बरोबर असताना. २५ मिमीच्या स्कोपने तीच ओळख हवी असेल तर १०० मीटरपर्यंत थांबायला हवं.

मग जाहिरातीत ‘डिटेक्शन रेंज १८०० मीटर’ कुठून येतं? १.८ मीटर उंचीचा माणूस २ पिक्सेलचा दिसला तरी ‘दिसला’ धरायचं, असं मानलं की हाच २५ मिमीचा स्कोप आरामात १८०० मीटर लिहू शकतो. आकडा खोटा नाही. फक्त तो तुम्हाला हव्या असलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आणि झूम? तो बहुतेक डिजिटल असतो. मोबाईलवर फोटो दोन बोटांनी ताणल्यावर जे होतं तेच इथे होतं. ठिपके मोठे होतात, माहिती तेवढीच राहते.

उष्णतेला रंग नसतो

हे सगळं नुसतं गॅजेटचं गणित असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्वेला लाल लांडगा राहतो. संपूर्ण जगात रानातले लाल लांडगे फक्त तिथेच उरलेत आणि तेही मोजके. दिसायला तो कायोटीसारखाच, थोडा मोठा. रात्री कायोटी समजून लाल लांडगे मारले जाऊ लागले म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. २०१४ पासून तिथल्या पाच काउंटींत कायोटीच्या रात्रीच्या शिकारीला बंदी आहे. वन्यजीव खात्याने लांडग्यांच्या गळ्यात नारिंगी, प्रकाश पडला की चमकणारे पट्टे घातले, म्हणजे शिकाऱ्याला लांबूनच कळावं.

आता विचार करा. थर्मल स्कोपमध्ये नारिंगी रंग दिसेल? नाही. त्याला रंग कळतच नाही आणि टॉर्चच्या प्रकाशात चमकणारी पट्टीही त्याच्या लेखी फक्त एक थोडी थंड रेघ. ती रेघ सहा पिक्सेलच्या प्राण्यावर दिसणारच नाही. जीव वाचवायला घातलेला पट्टा सगळ्यात महागड्या कॅमेऱ्याला अदृश्य असतो.

दुसरी घटना न्यूयॉर्क राज्यातली. डिसेंबर २०२१ मध्ये कूपर्सटाउनजवळ एका शिकाऱ्याने ‘मोठा कायोटी’ मारला. वजन भरलं ३८ किलोच्या वर. डीएनए तपासणीत तो लांडगा निघाला. त्या राज्यातून लांडगे शंभरेक वर्षांपूर्वीच संपले होते. म्हणजे बाहेरून कुठूनतरी वाट काढत आलेला एक दुर्मिळ प्राणी ओळख चुकल्यामुळे गेला. आणि हे झालं प्राणी हातात येईपर्यंत मारणाऱ्याला कळलंच नाही म्हणून. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत तर शेजाऱ्याचा जर्मन शेफर्डसुद्धा कायोटीच दिसतो.

इथे डिजिटल नाइट व्हिजन उपयोगी पडतं. ते उष्णता बघत नाही, स्वतःचा न दिसणारा इन्फ्रारेड टॉर्च मारून परत आलेला प्रकाश बघतं. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात चमकताना पाहिलाय ना? तेच तत्त्व. त्यात केसांचा पोत, कानांचा आकार, गळ्यातला पट्टा दिसतो. थर्मल शोधायला चांगलं, नाइट व्हिजन ओळखायला चांगलं. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घेण्याचा मोह महागात पडतो.

बंदुकीने टेहळणी करू नका

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. रायफलवरच्या थर्मल स्कोपमधून चारी बाजूंना बघायचं म्हणजे भरलेली बंदूक चारी बाजूंना रोखायची. गोठ्याकडे, रस्त्याकडे, अंधारात टॉर्च घेऊन निघालेल्या माणसाकडेसुद्धा. .२२३ ची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आणि थर्मलमध्ये सावजामागे काय आहे, मातीचा चढ आहे की रिकामं आकाश, हे नीट कळत नाही, कारण रात्री थंड झालेली जमीन आणि मागचं घर दोन्ही करडंच दिसतं.

उपाय साधा आहे: टेहळणीसाठी हातात धरायचा वेगळा थर्मल मोनोक्युलर घ्यायचा आणि रायफल जमिनीकडे ठेवायची. ओळख पटली, मागे मातीचा बांध आहे हे दिवसा पाहून ठेवलेलं असलं, तरच रायफल उचलायची.

सायलेन्सरचं काय?

सिनेमात सायलेन्सरमधून ‘फुस्स’ आवाज येतो तसं प्रत्यक्षात होत नाही. .२२३ रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सरने तो साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो. १४० डेसिबलच्या वर एका आवाजातही कान कायमचे जाऊ शकतात, म्हणून हा फायदा खरा आहे. पण आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका उरतोच, म्हणून कानात बोळे हवेतच.

कर शून्य झाला म्हणजे मोकळं रान, असंही नाही. नोंदणी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी सगळं तसंच आहे. अमेरिकेच्या ५० पैकी ४२ राज्यांतच सामान्य माणसाला सायलेन्सर ठेवता येतो.

राज्यागणिक नियम किती वेगळे, याची दोन टोकं बघा. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रात्री थर्मल लावून कायोटी मारता येतो. कॅलिफोर्नियात नाइट व्हिजन लावून प्राणी मारायला बंदी आहे आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीही चालत नाही, कारण मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात ते शिसं जातं. जास्तीत जास्त कायोटी मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बंधन घातलं आणि नंतर व्हर्मॉन्ट, न्यू मेक्सिको, न्यूयॉर्क अशी बरीच राज्यं त्या वाटेने गेली.

मग घ्यायचं काय?

तिथे कायदेशीर परवाना असलेल्या, कोकरं गमावणाऱ्या पशुपालकाने मला विचारलं तर मी खर्चाचा क्रम असा सांगेन:

१. आधी कुंपण, राखणदार कुत्रे आणि रात्री कोकरं आत घेणं. १९७५ मधल्या एका गणिती अभ्यासाने दाखवलं होतं की कायोटींची संख्या खरोखर खाली आणायची तर दरवर्षी त्यातले ७५ टक्के मारावे लागतील. त्याहून कमी मारले तर उरलेल्यांना जास्त पिल्लं होतात आणि जागा भरून निघते. बंदुकीने एखादा सोकावलेला कायोटी थांबतो, कायोटी थांबत नाहीत.

२. मग हातात धरायचा चांगला थर्मल, ३५ मिमी किंवा त्याहून मोठ्या भिंगाचा.

३. मग रायफलवर ओळख पटवणारा स्कोप आणि स्वतःला घातलेली १०० मीटरची मर्यादा.

४. सगळ्यात शेवटी रायफल. साधी .२२३. असलेली चालत असेल तर नवी नकोच.

दुकानं नेमकी याच्या उलट क्रमाने विकतात, कारण रायफल हातात घेतली की माणूस खूश होतो आणि कुंपणाचा रील कोणी बघत नाही.

आपल्याकडे हा खरेदीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि कायोटीचा आपल्याकडचा भाऊबंद, कोल्हा, त्याच कायद्याने संरक्षित आहे. पण हे तंत्रज्ञान आपल्याकडे आलेलं आहे. जुन्नरच्या उसात बिबट्या शोधायला वनविभाग थर्मल ड्रोन उडवतो. तिथेही पडद्यावर आधी दिसतो तो फक्त एक गरम ठिपका. तो बिबट्या आहे, कुत्रा आहे, की पाणी द्यायला निघालेला माणूस, हे त्या ठिपक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून असा व्हिडिओ फॉरवर्ड करताना ‘बिबट्या दिसला’ असं लिहिण्याआधी एकदा पिक्सेल मोजा.